शंभर मैलांची पांढरी वाट

इंग्लंडमधल्या साउथ डाउन्सच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतरानं लाकडी फाटकं लागतात. मेंढ्या आणि गाई एका कुरणातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून ती घातलेली असतात. त्यांची कडी बघण्यासारखी आहे. कडीला एक लांब लोखंडी दांडा जोडलेला असतो आणि त्याची मूठ फाटकाच्याही वर येते. घोड्यावर बसलेल्या माणसाला खाली न उतरता, जरासं वाकून फाटक उघडता यावं म्हणून केलेली ही सोय. सायकलवाल्याच्याही ती पथ्यावर पडते. एक पाय जमिनीला टेकवायचा, दांडा ओढायचा, पुढच्या चाकानं फाटक ढकलायचं, पलीकडे जायचं आणि कडी पुन्हा नीट बसली ना, हे वळून पाहायचं. पहिल्या दिवशी अडखळायला होतं, दुसऱ्या दिवसापासून हाताला सवय होते.

घोडेस्वाराची सोय सायकलवाल्याच्या वाट्याला आली ती कायद्यामुळे, आणि तो कायदा समजून घेतल्याशिवाय इंग्लंडच्या ग्रामीण भागातलं माउंटन बायकिंग नीट समजत नाही. १८८८ साली तिथल्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यानं सायकलीला गाडीचा दर्जा दिला. त्यामुळे रस्त्यावर सायकलवाल्याला हटकायची कुणाची टाप राहिली नाही. पण गाडी ठरली म्हणूनच पायवाटा आणि घोड्यांच्या वाटा तिला बंद झाल्या, कारण तिथे गाडी न्यायला मुभाच नव्हती. हौशी माणसं तरी जात राहिली. १९५५ साली अशा मंडळींनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाची संघटना काढली. माउंटन बाइक जन्माला यायला तेव्हा वीसेक वर्षं अवकाश होता. ही माणसं साध्या टूरिंग सायकली घेऊन, जमेल तिथे चालवत आणि जमणार नाही तिथे खांद्यावर टाकून, डोंगर ओलांडायची. पुढे १९६८ च्या ‘कंट्रीसाइड ॲक्ट’च्या ३० व्या कलमानं घोड्यांच्या वाटांवर, म्हणजे ब्रिडलवेवर, सायकल चालवायचा हक्क दिला. पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची, ही त्याची अट.

याच कलमात आणखी एक गोष्ट सांगितली आहे: सायकलवाल्यांसाठी या वाटा सुधारण्याची जबाबदारी कुणावरही नाही. वरवर पाहता हा हात झटकण्याचा प्रकार वाटेल. मला मात्र तो या कायद्याचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. कुणी सुधारायला गेलं नाही म्हणून वाट जशी होती तशी राहिली. कुठे उघडा खडू, कुठे गारगोट्यांचा खच, कुठे बीचच्या झाडांची मुळं, तर कुठे मैलभर मऊ गवत. सायकलीसाठी म्हणून बांधलेले कृत्रिम ट्रेल जगभर आहेत आणि त्यांतही मजा आहे. पण हजारो वर्षं माणसं आणि जनावरं ज्या वाटेनं गेली, त्याच वाटेवर चाक घालण्याचा आनंद त्यांत मिळत नाही.

आणि ही सगळी जमीन कुणाच्या ना कुणाच्या मालकीची असते. शेताच्या मधून ब्रिडलवे जात असेल तर शेतकरी नांगर घालू शकतो, पण साधारणपणे चौदा दिवसांच्या आत त्याला ती वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. शेताच्या कडेनं जाणारी वाट तर नांगरताच येत नाही. लाकडी खांबांवरचे बाण वाचायला शिकलं की अर्धं काम झालं. निळा बाण म्हणजे ब्रिडलवे, तिथे सायकल चालते. पिवळा बाण म्हणजे फक्त पायवाट. पिवळ्या बाणाची वाट कितीही मोहात पाडणारी दिसली तरी तिच्यावर सायकल घालायची नाही. हा नियम लोक पाळतात म्हणूनच निळ्या बाणांवर एकमेकांना हसतमुखानं वाट दिली जाते.

साउथ डाउन्स वे ही या हक्काची सर्वांत सुंदर कमाई. हॅम्पशरमधल्या विंचेस्टर शहरापासून ससेक्सच्या किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्नपर्यंत ही वाट सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे शंभर मैल, जाते. १९७२ मध्ये ती खुली झाली तेव्हा ईस्टबोर्नपासून हॅम्पशरच्या सीमेपर्यंतच होती. विंचेस्टरपर्यंतचा भाग नंतर जोडला गेला. घोडे आणि सायकली यांना सबंध लांबीभर जाता येईल अशी ती इंग्लंडमधली पहिली राष्ट्रीय वाट. २०१० मध्ये या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मात्र राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे जंगल उभं राहतं, तसं इथे काही नाही. शेतं, गावं, चर्चं, दारूचे गुत्ते आणि मेंढ्यांची कुरणं यांच्यासकटचं हे उद्यान आहे.

डाउन्स म्हणजे खडूच्या टेकड्यांची एक लांब रांग. सुमारे दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. त्यातल्या अतिसूक्ष्म शेवाळांची कवचं तळाशी साठत गेली आणि त्यांचा खडू झाला. पुढे आल्प्स पर्वत वर येत असताना इथले थरही वाकून उचलले गेले. त्या घुमटाचा माथा झिजून गेला आणि दोन कडा उरल्या, उत्तरेला नॉर्थ डाउन्स आणि दक्षिणेला साउथ डाउन्स. म्हणून साउथ डाउन्सचा उत्तरेकडचा उतार एकदम तुटलेला आहे, तर दक्षिणेकडचा समुद्राच्या दिशेनं सावकाश ओसरत जातो. वाट या दोहोंच्या मधल्या माथ्यावरून जाते. डावीकडे खाली वील्डचा हिरवा सखल प्रदेश, उजवीकडे हवा स्वच्छ असेल तर चमकणारी इंग्लिश खाडी. बहुतेक ठिकाणी उंची दोनशे-अडीचशे मीटरच्या आसपास. कुणाला ती किरकोळ वाटेल. पण मीऑन, अरुन, एडर, ऊझ आणि ककमिअर या नद्यांनी ही रांग ठिकठिकाणी कापली आहे. दर वेळी नदीपर्यंत खाली यायचं आणि पुन्हा माथा गाठायचा. शंभर मैलांत असा एकूण सुमारे चार हजार मीटरचा चढ होतो.

खडूचे गुण चाकाला लगेच कळतात. कोरडा असला तर तो टणक, वेगवान आणि उन्हात डोळे दिपवणारा पांढरा. पाऊस पडून गेला की तोच ओल्या साबणासारखा निसरडा होतो, आणि उतारावर ब्रेक लावावा तर चाक थांबूनही सायकल पुढेच जाते. वर पांढऱ्या राड्याचा थर टायरमध्ये भरतो, तिथून फ्रेममध्ये, गिअरमध्ये, आणि वाळला की सिमेंटसारखा बसतो. दुसरा शत्रू गारगोटी. खडूच्या थरांत समुद्री स्पंजांच्या सिलिकापासून या गारगोट्या तयार झाल्या. फुटल्या की त्यांची धार काचेपेक्षा कमी नसते. माझ्या एका सोबत्याचा टायर ॲम्बर्लीच्या उतारावर बाजूनं असा चिरला गेला की आतलं सीलंट फेसाळत बाहेर आलं, पण भोक काही बुजेना. शेवटी टायरच्या आतून जाड प्लॅस्टिकचा तुकडा लावून, ट्यूब घालून वेळ निभावली. ट्यूबलेस टायर, बाजू मजबूत असलेले, आणि सोबत एक साधी ट्यूब, हे इथे हवंच. पूर्ण सस्पेन्शनच्या महागड्या सायकलीची मात्र गरज नाही. पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल सायकल इथे उत्तम.

मे ते सप्टेंबर हा हंगाम. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून विंचेस्टरहून निघून पूर्वेला जावं, वारा पाठीशी राहतो. तयारीचे लोक एका दिवसात शंभर मैल मारतात. काही जण तर चोवीस तासांत जाऊन परत येतात, त्याला ‘साउथ डाउन्स डबल’ म्हणतात. त्यांच्या दमाचं मला कौतुक आहे, पण वाटेवर पाहण्यासारखं इतकं आहे की तीन किंवा चार दिवस घ्यावेत असंच मी सांगेन. एक गोष्ट लक्षात ठेवायची. खडूत पाणी ठरत नाही, ते झिरपून थेट पायथ्याशी झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. त्यामुळे सगळी जुनी गावं पायथ्याशी आहेत आणि माथ्यावर दुकान नाही, हॉटेल नाही. चहाला खाली उतरलात तर तो चहा दीडशे मीटरच्या चढाला पडतो. वाटेवर काही ठिकाणी प्रवाशांसाठी नळ बसवले आहेत, एडर नदीकाठच्या बॉटल्फ्सजवळचा त्यांतला एक. ते आधीच नकाशावर खुणा करून ठेवावेत.

विंचेस्टर ही वेसेक्सच्या राज्याची, आल्फ्रेड राजाची नगरी. ती पाहायला एक दिवस वेगळा काढावा, सायकलीवर बसायच्या घाईत ते होत नाही. शहर सोडलं की पहिल्या तासातच चीजफूट हेड लागतं. एका बाजूला जमीन वाटीसारखी खोल गेली आहे. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीआधी आयझेनहॉवर यांनी इथे सैनिकांपुढे भाषण केलं होतं. पुढे मीऑन नदी ओलांडून चढलं की ओल्ड विंचेस्टर हिल येते. नावावरून विंचेस्टरच्या जवळ वाटते, पण शहर बरंच मागे पडलेलं असतं. माथ्यावर लोहयुगातला किल्ला आहे. दगडी तट आणि बुरुज डोळ्यांपुढे आणू नका. खंदक खणायचा, निघालेली माती आणि खडू आतल्या बाजूला रचायचा, अशी ही तटबंदी. दोन हजारांहून अधिक वर्षं होऊन गेली तरी तिचा गोल आजही स्पष्ट आहे. सायकल कुंपणाला टेकवावी आणि आत पायी फिरावं.

बट्सर हिल २७१ मीटर उंच, या वाटेवरची सर्वांत मोठी टेकडी. तिच्या खांद्यावरून पूर्वेला गवताचा एक लांबलचक उतार खाली जातो. वाटेत दगड नाही, झाड नाही, वळण नाही. सायकलीला जितका वेग झेपेल तितका घ्यावा, फक्त मेंढ्या आणि माणसं यांच्यावर नजर ठेवावी. खाली लंडन-पोर्ट्समथ रस्त्याखालून पलीकडे गेलं की क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्कचं बीचचं जंगल. तिथे सायकलीसाठी आखलेले खास ट्रेलही आहेत आणि खायची सोयही.

ससेक्समध्ये शिरल्यावर वाट बराच वेळ झाडीतून जाते. ट्रेफर्डच्या वर ‘डेव्हिल्स जम्प्स’ नावाचे पाच मोठे गोल उंचवटे ओळीनं आहेत. ही कांस्ययुगातली दफनस्थळं, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. आपली माणसं माथ्यावर पुरावीत आणि ती खालून दिसावीत, असा त्यामागचा विचार असावा. त्याच परिसरात, वाटेच्या अगदी कडेला, १९४० मध्ये इथे मारल्या गेलेल्या एका जर्मन वैमानिकाचा छोटा स्मारकदगड आहे. शत्रूच्या देशातल्या वाटेवर पडलेल्या त्या तरुणासाठी कुणीतरी फुलं ठेवून जातं.

बिग्नॉर हिलवर आलात की लाकडी दिशादर्शक खांब नीट पाहा. त्यावर चिचेस्टर आणि लंडन यांची रोमन नावं आहेत, ‘नोव्हिओमागुस’ आणि ‘लोंडिनिउम’. दोन शहरांना जोडणारा स्टेन स्ट्रीट हा रोमन रस्ता इथेच डाउन्स ओलांडतो. त्याचा भर घालून उंच केलेला बांध आजही ओळखू येतो. उत्तरेला पायथ्याशी बिग्नॉरचा रोमन वाडा आहे. १८११ साली जॉर्ज टपर हा शेतकरी नांगरत असताना त्याचा फाळ दगडाला अडला आणि मातीखालून रंगीत दगडांच्या नक्षीची जमीन निघाली. व्हीनस आहे, गरुडानं उचलून नेलेला गॅनिमीड आहे, आणि एका लांब ओसरीभर पसरलेली भौमितिक नक्षी आहे. ती झाकायला तेव्हा गवती छपरांच्या खोपी उभारल्या, त्या अजून तशाच आहेत. इथे उतरायचं म्हणजे परतीचा चढ आला. तो सोसून उतरावं, असं मी म्हणेन. वरचा रस्ता कुणासाठी होता हे खालच्या या फरशा पाहून कळतं.

अरुन नदी ओलांडून ॲम्बर्लीच्या वर चढणारी वाट भल्याभल्यांना सायकलीवरून उतरवते. पण चढून गेलं की मैलोन् मैल उघडा माथा मिळतो आणि लांबवर चँक्टनबरी रिंगचा झाडांचा झुबका दिसू लागतो. इथेही प्राचीन तटबंदी आहे आणि तिच्या आत रोमन काळातल्या देवळाचे अवशेष. १७६० साली विस्टनच्या चार्ल्स गोरिंग या कोवळ्या मुलानं तटबंदीभोवती बीचची रोपं लावली. रोपं जगावीत म्हणून तो टेकडीवर पाणी वाहून न्यायचा, असं सांगतात. म्हातारपणी त्याला ती झाडं वाढलेली पाहायला मिळाली. १६ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटेच्या वादळानं त्यांतली बहुतेक आडवी केली. नंतर नवी लावली, ती आता भरली आहेत. या रिंगणाला सात उलट्या फेऱ्या घातल्या की सैतान येतो आणि सूपचा वाडगा पुढे करतो, अशी दंतकथा आहे. दक्षिणेला ब्रिडलवेनं थोडं आत गेलं तर सिसबरी रिंग. तिथे नवाश्मयुगातल्या माणसांनी गारगोटीसाठी खणलेल्या खाणींचे शेकडो खळगे आहेत. हरणाच्या शिंगाची कुदळ करून, खडूत कित्येक मीटर खाली उतरून त्यांनी हा दगड काढला. आपले टायर फाडणारी गारगोटी सहा हजार वर्षांपूर्वी त्यांच्या कुऱ्हाडींचं पातं होती.

माथ्यावरचं गवत जरा थांबून, गुडघ्यावर बसून पाहण्यासारखं आहे. वरून ते नुसतं हिरवं दिसतं. जवळून पाहिलं की रानओवा, लहान पिवळी वाटाण्याच्या कुळातली फुलं, निळसर घंटाफुलं, चिमुकली ऑर्किड एकमेकांत गुंफलेली दिसतात. चांगल्या जुन्या कुरणात एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत वनस्पती सापडतात. हे सगळं मेंढ्यांनी घडवलं. शतकानुशतकं त्यांनी गवत आखूड राखलं, म्हणून कुठलीही एक वनस्पती बाकीच्यांवर कुरघोडी करू शकली नाही. ॲडोनिस ब्लू या झळझळीत निळ्या फुलपाखराची अळी हॉर्सशू व्हेच ही एकच वनस्पती खाते, आणि ती वनस्पती अशाच आखूड गवतात वाढते. म्हणजे मेंढी गेली की फुलपाखरू गेलं. ग्लाइंड गावच्या जॉन एलमन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या साउथडाउन जातीच्या मेंढ्या सुधारून नावारूपाला आणल्या, आणि पायकूम्ब गावच्या लोहाराच्या भट्टीतली मेंढपाळाची आकडी सगळ्या डाउन्सवर नावाजलेली होती. दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी ही कुरणं मोठ्या प्रमाणावर नांगरली गेली, ती सगळी परत आली नाहीत. वाटेवरून जाताना एका बाजूला गव्हाचं शेत आणि दुसऱ्या बाजूला जुनं कुरण दिसतं तेव्हा हा इतिहासच दोन्हीकडे पसरलेला असतो.

मेंढ्यांच्या पाण्यासाठी माणसांनी माथ्यावर तळी केली. त्यांना ड्यू पॉण्ड म्हणतात. उथळ बशीसारखा खड्डा, त्यात तुडवून घट्ट केलेल्या चिकणमातीचा थर, जोडीला पेंढा. नावात दव असलं तरी भरतात ती मुख्यतः पावसानं. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८९७ पासून काही वर्षं ब्रायटनजवळच्या रॉटिंगडीन गावी राहत होता. ससेक्सवरच्या त्याच्या कवितेत हे तळं आवर्जून आलं आहे. पाण्याची ओढाताण सॅडल्सकूम्बच्या शेतवाड्यात आणखी स्पष्ट दिसते. तिथे विहिरीवर माणूसभर उंचीपेक्षा मोठं लाकडी चाक आहे. गाढवाला त्या चाकाच्या आत चालवून खोल विहिरीतून पोहरा वर ओढायचे.

सॅडल्सकूम्बच्या अलीकडेच डेव्हिल्स डाइक, शंभर मीटर खोल अशी कोरडी दरी. हिमयुगात खडू गोठलेला असताना बर्फाच्या पाण्यानं ती कोरली. कथा मात्र सांगते की ससेक्सची चर्चं बुडवायला सैतान समुद्रापर्यंत चर खणत होता, एका म्हातारीनं मेणबत्ती लावली, कोंबडा आरवला आणि पहाट झाली समजून तो पळाला. व्हिक्टोरियन लोकांनी इथे जत्रा भरवली होती. १८८७ पासून ब्रायटनहून थेट रेल्वे येत होती, १८९४ मध्ये तर दरीवरून तारेवरचा पाळणाही सुरू झाला. १९३८ च्या शेवटी रेल्वे बंद पडली. आज वर वाऱ्यावर झुलणारे पॅराग्लायडर तेवढे दिसतात.

क्लेटनच्या माथ्यावर जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या. जिल पांढरी, लाकडी, १८२१ मध्ये ब्रायटनला बांधलेली. १८५२ मध्ये बैल आणि घोडे जुंपून ती डोंगर चढवून इथे आणली. स्वयंसेवकांनी ती दुरुस्त केली आणि ती आता पुन्हा पीठ दळते. उन्हाळ्यात रविवारी दुपारी बहुधा उघडी असते.

या पवनचक्क्यांपासून दक्षिणेला एक ब्रिडलवे उतरतो. मराठी वाचकानं या शंभर मैलांत एकाच ठिकाणी थांबायचं ठरवलं तर ते हे. साधारण दोन किलोमीटरवर, मोकळ्या उतारावर, पांढऱ्या संगमरवराची एक छत्री उभी आहे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर जखमी झालेले सुमारे बारा हजार भारतीय सैनिक ब्रायटनच्या रुग्णालयांत आणले गेले. त्यांतलं एक रुग्णालय थेट राजाच्या जुन्या रॉयल पॅव्हिलियन महालात होतं. तिथे वेगवेगळ्या धर्मांच्या आणि जातींच्या रिवाजांप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं चालत, आणि हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे ठेवले होते. जे वाचले नाहीत त्यांपैकी मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगजवळ झालं. ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना मात्र इथे, पॅचमच्या वरच्या माळावर, उघड्यावर चिता रचून अग्नी दिला गेला आणि अस्थी समुद्रात सोडल्या. दहनाच्या त्या चौथऱ्यांवर आता ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत आणि त्यांच्या पुढ्यात ही छत्री.

स्मारकाची कल्पना दासगुप्ता नावाच्या भारतीय वैद्यकीय सेवेतल्या अधिकाऱ्यानं १९१५ मध्ये ब्रायटनचे महापौर जॉन ऑटर यांच्यापुढे मांडली. आराखडा केला मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदानं. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते छत्रीचं अनावरण झालं. आठ खांब, वर घुमट, आणि खाली कोरलेला मजकूर इंग्रजीबरोबर हिंदी, पंजाबी आणि उर्दूतही. दुसऱ्या महायुद्धात हा भाग सैनिकांच्या सरावासाठी वापरला जात होता, तेव्हा छत्रीला गोळ्या लागल्या, नंतर ती दुरुस्त केली. त्या ५३ जणांची नावं कोरलेलं वेगळं स्मारक मात्र २०१० मध्ये उभं राहिलं, जवळजवळ शतकानं. दर वर्षी जूनमध्ये इथे मानवंदना होते. महाराष्ट्रातून इंग्लंडला जाणारे हजारो लोक टॉवर ब्रिज पाहतात, बकिंगहॅम राजवाड्यासमोर फोटो काढतात. मुंबईच्या माणसानं आखलेली ही छत्री आणि घरापासून इतक्या लांब अग्नी दिलेली ही माणसं आपल्या यादीत नसतात. ती असायला हवीत, असं मला फार मनापासून वाटतं. इथे सायकल फाटकाबाहेर ठेवावी, हेल्मेट काढावं आणि नावं वाचावीत.

पुन्हा माथ्यावर येऊन पूर्वेला डिचलिंग बीकन, २४८ मीटर. इथे येणारा डांबरी घाट सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे. १९९४ मध्ये टूर दी फ्रान्स शर्यत इंग्लंडमध्ये आली तेव्हा तिच्या वाटेत हा घाट होता. आपण मात्र आडवे, गवतावरून जातो. पुढे ब्लॅककॅपवरून खाली लुइस शहर दिसतं. त्याच्या वरच्या टेकडीवर १४ मे १२६४ रोजी बंडखोर सरदार सायमन द मॉन्टफोर्टनं तिसऱ्या हेन्री राजाला हरवून कैद केलं. पुढच्या वर्षी त्यानं बोलावलेल्या सभेत शहरांचे प्रतिनिधीही होते, म्हणून इंग्लंडच्या संसदेच्या इतिहासात ती महत्त्वाची मानतात. ऊझ नदीकाठी साउथईज हे चिमुकलं गाव. तिथल्या चर्चचा मनोरा गोल आहे, ससेक्समध्ये असे तीनच. शेजारच्या रॉडमेलला लेखिका व्हर्जिनिया वूल्फचं घर आहे, १९४१ मध्ये तिनं याच नदीत जीव दिला.

फर्ल बीकनचा माथा ओलांडून वाट ऑल्फ्रिस्टनला उतरते. इथलं गवती छपराचं क्लर्जी हाउस १८९६ मध्ये दहा पौंडांना विकत घेऊन नॅशनल ट्रस्टनं पहिली वास्तू आपल्याकडे घेतली. आणि इथेच वाट दुभंगते. पायी जाणारे दक्षिणेला वळून सेव्हन सिस्टर्सच्या प्रसिद्ध पांढऱ्या कड्यांवरून ईस्टबोर्नला जातात. तिथले बाण पिवळे. सायकलवाल्यांनी विंडोवर हिलवरून आणि जेव्हिंग्टन गावातून आतल्या बाजूनं जायचं. कडे हुकले म्हणून हळहळ वाटते खरी, पण विंडोवर हिलचा चढ आणि त्यापुढची उघडी माळरानं सगळ्या वाटेतल्या सर्वोत्तम सायकलिंगपैकी आहेत, आणि कडे दुसऱ्या दिवशी पायी पाहता येतात. विंडोवरच्या उत्तर उतारावर दोन्ही हातांत काठ्या घेतलेली ‘लाँग मॅन’ ही सुमारे सत्तर मीटर लांबीची आकृती आहे. फार प्राचीन म्हणून ती सांगितली जायची. २००३ च्या उत्खननानंतर ती सोळाव्या-सतराव्या शतकातली असावी असा अंदाज बांधला गेला. वाट तिच्या डोक्यावरून जाते, त्यामुळे वरून ती दिसतच नाही. पाहायची तर खाली विल्मिंग्टनला जावं लागतं.

मुलाबाळांकडे लंडनला गेलेल्या आणि एकच दिवस हाताशी असलेल्या वाचकांसाठी सोपा बेत असा. सकाळी गर्दीची वेळ टळली की व्हिक्टोरिया स्टेशनहून हॅसॉक्सची गाडी पकडावी, तासाभराचा प्रवास. गर्दीच्या वेळी न दुमडणारी सायकल गाडीत घेत नाहीत, तेवढं सांभाळावं. स्टेशनपासून क्लेटनच्या पवनचक्क्यांचा चढ छोटा पण खडा आहे. तिथून छत्रीपर्यंत जाऊन परत माथ्यावर यावं, डिचलिंग बीकन आणि ब्लॅककॅपवरून लुइसला उतरावं आणि तिथूनच लंडनची परतीची गाडी धरावी. सायकल भाड्यानं घेतली असेल तर निघण्याआधी टायरची बाजू बोटानं दाबून पाहा, पातळ लागली तर दुसरी मागा. पाण्याच्या दोन बाटल्या भरून घ्या, कारण हॅसॉक्स सोडल्यावर पाणी मिळेल याची खात्री नाही.